वरच्या अंगाला

माळीवाड्याच्या फाट्याशी भावजी गाडी हळू करतात. समृद्धी महामार्गाने जायचं की जुन्या रस्त्याने, यावर काल रात्री बराच खल झालेला आहे आणि निकाल आप्पांच्या बाजूने लागलेला आहे. "समृद्धीवरून काय दिसतंय? कठडा," असं त्यांचं म्हणणं. त्यांना निफाडच्या बागा बघायच्या आहेत. आप्पा म्हणजे भावजींचे चुलते. जालन्याजवळ कडवंचीला त्यांची अडीच एकर द्राक्षबाग आहे. पाणलोटाची कामं करून, घराघराने शेततळी खोदून त्यांच्या भरवशावर द्राक्षं उभी केलेलं हे गाव. मराठवाड्यात द्राक्ष म्हटलं की कडवंचीचं नाव निघतंच. गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला पांढरी टोपी, खिशात अडकित्ता, आणि निघालेत सुलाफेस्टला, नाशिकच्या वाइन महोत्सवाला.

आज 1 फेब्रुवारी 2025, शनिवार. माघातली गणेश जयंती आहे, म्हणून भावजींचा उपास. आप्पा माळकरी. म्हणजे गाडीत वाइन चाखायला लायक अशा आम्ही दोघी बहिणीच उरतो. ताई हा हिशेब मोठ्याने मांडते तेव्हा भावजी साबुदाण्याचा डबा मांडीवर नीट करत म्हणतात, "बरंय की. ड्रायव्हर फुकटात मिळाला."

उजवीकडे देवगिरीचा कातळ अजून धुक्यातच आहे. रस्त्याकडेला पेरूवाल्या बाया टोपल्या मांडतायत. तुघलकाने 1327 मध्ये राजधानी इथे आणली, आणि पुढे काही वर्षांनी मोरोक्कोहून हिंडत आलेला इब्न बतूता या गावाबद्दल लिहून गेला, की इथे द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा येतात. मी हे आप्पांना सांगते. त्यांना नवल वगैरे काही वाटत नाही.

"येणारच. थंड मुलखात पानगळ झाली की वेल झोपती. आपल्याकडं झोपती कुठं? म्हणून तर एप्रिलात खरड छाटणी करायची, काडी तयार करून घ्यायची, आन् ऑक्टोबरात गोडी छाटणी करून माल धरायचा. दोनदा छाटायचं, एकदा खायचं. दोनदा खाल्लं तर चौथ्या वर्षी वेल उपटायची पाळी."

वैजापूर मागे पडतं. येवल्यात ताई पैठणीच्या दुकानांच्या पाट्या वाचते आणि भावजी, अजून उघडली नसतील, असं न विचारता सांगतात. पैठणचं वस्त्र येवल्यात विणलं जातं, याचा आम्हा संभाजीनगरकरांना एक जुना सल आहे, पण खरं तर पैठणचा व्यापार कधीच एका गावात राहणारा नव्हता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस' या टिपणात पैठण आणि तेर ही दोन्ही नावं आहेत. तिथून गाड्या भरून गोमेदासारखे खडे आणि कापड भडोचच्या बंदरात जायचं, आणि भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आहे. त्यातही इटलीच्या वाइनला पसंती जास्त. नेवाशाच्या उत्खननात दोन कानांच्या रोमन मद्यकुंभांची खापरं निघाली आहेत. नेवासा म्हणजे आमच्याकडून नगरला जाताना लागणारं, ज्ञानेश्वरीचं नेवासं. गोदेच्या खोऱ्याला वाइन नवी नाही, मधे फार मोठी सुट्टी पडली इतकंच.

विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग आणि तिच्यापलीकडे वाइन पार्कची पाटी. राज्याने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, वाइनला अबकारीत सूट दिली, आणि इथे आणि सांगलीकडच्या पलूसला असे दोन पार्क काढले. आप्पांच्या साडूने त्या लाटेत खाण्याची द्राक्षं मोडून वाइनची लावली होती. सात-आठ वर्षांत मंदी आली, वायनऱ्यांनी माल उचलला नाही, आणि साडूसारख्या कितीकांनी बागा उपटल्या. "सरबतासारखं विकलं जाणार म्हणले होते," आप्पा खिडकीतून बाहेर बघत म्हणतात. पुढे जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायची परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, त्यावर महाराष्ट्रभर रान उठलं आणि निर्णय कागदावरच राहिला, तेव्हाही माळकरी आप्पांनी कुणाची बाजू घ्यावी हे त्यांना कळलं नव्हतं. अजून कळलेलं नाही.

निफाडपासून दोन्ही बाजूंना नुसते मांडव. घडांना कागद गुंडाळलेले, म्हणजे हा माल परदेशी जाणार. आप्पा गाडी थांबवायला लावतात, उतरतात, बांधावरून वाकून एका काडीकडे बघतात, आणि परत येऊन बसतात. "भुरी आलीय कोपऱ्यात. त्याला माहीत नसंल अजून." शेतकऱ्याला फोन लावता येत नाही याची त्यांना पुढचे दहा किलोमीटर रुखरुख.

नाशिक ओलांडून गंगापूर रोडने गोवर्धनकडे वळलो की हवा बदलते असं सगळे सांगतात. मला तरी आधी बदललेली दिसते ती गर्दी. मुंबई-पुण्याच्या नंबरांच्या गाड्या, गळ्यात रुमाल बांधलेली पोरं, उन्हाळी टोप्या घातलेल्या मुली. मिशीवाल्या सूर्याचं चित्र जिकडेतिकडे. महोत्सवाची दारं दुपारनंतर उघडणार, तोवर वायनरी बघायची.

आम्हाला फिरवायला आलेली मुलगी दिंडोरीकडची आहे. बारा-पंधरा जणांचा घोळका घेऊन ती मागच्या फरशीवर येते. हंगाम चालू आहे. टेम्पोतून प्लास्टिकचे क्रेट उतरतायत, काळेभोर घड सरकत्या पट्ट्यावर पडतात, दोन बाया पानं आणि सुकलेले मणी झरझर वेचून काढतात, आणि पुढचं यंत्र देठ एका बाजूला फेकून मणी तेवढे नळीत ओढून घेतं. देठांचा ढीग हिरवागार. त्याच्यावर मधमाश्या.

"ही शिराझ. पहाटे तोडलेली, ऊन चढायच्या आत," मुलगी सांगते. "तोडायच्या आधी आम्ही साखर मोजतो."

"किती भरली?" आप्पा विचारतात.

"साडेबावीस ब्रिक्सच्या आसपास."

आप्पा सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घालतात. अडकित्ता असेल असं मला वाटतं. निघतो तो रिफ्रॅक्टोमीटर! वीतभर लांबीची धातूची नळी, रबराची मूठ झिजून गुळगुळीत झालेली. क्रेटमधला एक मणी ते मुलीच्या परवानगीने उचलतात, काचेवर दोन थेंब पिळतात, झाकण पाडतात, एक डोळा मिटून नळी सूर्याकडे धरतात. घोळका गप्प. "तेवीस," आप्पा म्हणतात आणि नळी मुलीकडे देतात. ती बघते, हसते, मान डोलावते. मग रांगेने सगळे बघतात. वर निळं, खाली पांढरं, आणि दोघांमधली रेघ तेवीसवर. पुण्याचे एक गृहस्थ फोटो काढतात. आप्पा धोतराच्या सोग्याने काच पुसतात. "आम्ही अठराला माल उतरवतो. तेवीसला ठेवलं तर व्यापारी म्हणल, बेदाणा करा."

पिळलेला मणी ते तोंडात टाकतात, चघळतात, दोन बिया तळहातावर काढतात. साल जाड, बी दोन, मणी हरभऱ्याएवढा. बाजारात याला कुणी हात लावणार नाही, हा त्यांचा निकाल. मुलगी म्हणते, आम्हाला नेमकं तेच लागतं. लाल वाइनचा रंग रसात नसतो, सालीत असतो. म्हणून लाल द्राक्षं सालीसकट आंबवतात, आणि पांढरीसाठी आधी रस पिळून साल बाजूला काढतात. मोठा मणी म्हणजे रस जास्त, साल कमी, चव पातळ. आप्पा आयुष्यभर मणी मोठा व्हावा म्हणून घड औषधात बुडवत आले, विरळणी करत आले. ते दोन्ही बिया बोटाने तळहातावर इकडून तिकडे ढकलत बसतात.

आत पोलादी टाक्यांची दुमजली रांग. बाहेर ऊन चटकतंय आणि पांढऱ्या वाइनच्या टाकीला बाहेरून घाम फुटलाय. टाकीच्या भिंतीतून गार पाणी खेळवून आतला रस चौदा-पंधरा अंशांवर ठेवलेला, म्हणजे आंबण्याची क्रिया सावकाश होते आणि वास उडून जात नाही. लाल वाइन अधिक उबेत आंबते. यीस्ट साखर खातं, तिची अर्धीअधिक दारू होते, उरलेला कर्बवायू. रिकाम्या टाकीत धुवायला उतरताना माणसं आधी हवा तपासतात, कारण हा वायू तळाशी बसून राहतो, दिसत नाही आणि माणूस आत गेला की बाहेर येत नाही. हे ती मुलगी सहज सांगून जाते. घोळक्यातलं कुणी त्यावर थांबत नाही. मी मात्र टाकीच्या खालच्या बाजूचं ते गोल, माणूस जेमतेम मावेल एवढं दार बघत राहते.

ओकच्या पिंपांच्या खोलीत गारवा, अंधार आणि सेल्फी. तिथून पायऱ्या चढून चाखण्याच्या दालनात.

सुला काढणारे राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नव्वदच्या दशकात घरच्या जमिनीवर आले, आंबा लावून पाहिला, खाण्याची द्राक्षं लावून पाहिली, आणि 1997 च्या सुमाराला इथे सॉव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावली. पहिल्या बाटल्या 2000 मध्ये बाहेर पडल्या, हे दालन 2005 मध्ये उघडलं. नाव आईचं, सुलभाची सुला. डिसेंबर 2022 मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. गोष्ट तशी पाठ असल्यासारखी सांगितली जाते, पण मधली आंब्याची ओळ मला आवडते.

पाच पेले, प्रत्येकात दोन घोट. भावजी आणि आप्पा शेजारच्या बाकावर पाण्याचे पेले घेऊन. पहिली सॉव्हिन्यॉन. पेला देठाला धरा, फिरवा, नाक आत घाला, मग बोला. कुणी म्हणतं लिंबू, कुणी ओलं गवत. ताई बराच वेळ हुंगते आणि म्हणते, "ढोबळी मिरची. चिरताना येतो ना तो."

मुलीचा चेहरा उजळतो. वासाचं ते द्रव्य मिरचीत आणि या द्राक्षात खरोखरच एक आहे, असं ती सगळ्यांना सांगते. ताईच्या बरोबर उलट्या बाजूला उभे असलेले, मघापासून फ्रान्सच्या आठवणी सांगणारे काका आता आपला पेला पुन्हा हुंगतात. शिराझला ताई मिरी म्हणते. तेही बरोबर, काळ्या मिरीचा वास ज्या द्रव्यामुळे येतो ते शिराझच्या सालीत असतं. तीस वर्षं रोज दोन वेळा फोडण्या घातलेलं नाक आहे ते. त्याचं आजवर कुणी कौतुक केलेलं नव्हतं, आणि आज एका तासात दोनदा झालंय. झिन्फान्डेलला मी घाईघाईने जांभूळ म्हणते, पण माझ्याकडे कुणी बघत नाही.

टेबलावर थुंकायला भांडं ठेवलेलं आहे. जाणकार चाखून थुंकतात. इथे कुणीही थुंकत नाही. "एवढे पैसे देऊन?" ताई विचारते.

शेवटची गोड वाइन ओतली जात असताना सव्वाबाराच्या सुमारास दालनात एकदम फोन वाजू लागतात. आज अर्थसंकल्प. "बारा लाख!" कुणीतरी ओरडतं. "बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही!" अनोळखी माणसं अनोळखी माणसांच्या पेल्यांना पेले लावतात. भावजी जिल्हा परिषदेत नोकरीला. ते पाण्याचा पेला उंच करतात, मोबाइलवर आकडेमोड करतात, मग उपासाचा चिवडा काढून बाकावरच्या सगळ्यांना वाटतात. आप्पा विचारतात, "शेतकऱ्याला काय?" तेवढ्यासाठी कुणाचा फोन वाजलेला नाही.

दालनाच्या गच्चीवरून उतरत्या वेली दिसतात, कुंपणासारख्या उभ्या, एका रेषेत, निफाडच्या मांडवांपेक्षा अगदी वेगळ्या. त्यांच्या पलीकडे टेकड्या, आणि टेकड्यांच्या पायथ्याशी पाण्याची लांब पट्टी. गंगापूर धरण. लोक तिच्याकडे पाठ करून फोटो काढतायत, म्हणजे पाणी मागे येतं.

संभाजीनगरच्या माणसाला या पाण्याकडे नुसतं बघता येत नाही. ही गोदावरी आहे. इथून ती नाशकात रामकुंडावरून, नांदूर मधमेश्वरवरून, आमच्या वैजापूर-गंगापूरच्या शिवेवरून पैठणला नाथसागरात येते, आणि तिथून पंप लावून आमच्या टाकीत, आठ-आठ दिवसांनी एकदा. मातीचं हे गंगापूर धरण 1965 मध्ये पुरं झालं. त्याच वर्षी 18 ऑक्टोबरला लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली. वर आणि खाली, दोन्ही एकाच नदीवर, आणि तेव्हापासूनचा हिशेब अजून मिटलेला नाही. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत साठा 65 टक्क्यांच्या खाली असला तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असा नियम आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये सोडलं, तेव्हा इकडे आंदोलनं झाली, आणि पाणी उशिरा सोडलं म्हणून आमच्याकडेही झाली. परवाच्या पावसाळ्यात नाथसागर भरून दरवाजे उघडावे लागले, म्हणून यंदा दोन्हीकडे शांतता.

आमचंही फार सोवळं नाही. वाळूज, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत बिअरचे आणि मद्याचे कारखाने आहेत. लातूरला रेल्वेने पाणी नेण्याची वेळ आली त्या 2016 च्या उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठाला आदेश काढून त्यांच्या पाण्यात 60 टक्क्यांपर्यंत कपात करायला लावावी लागली होती. त्या मानाने ठिबकवरची द्राक्षवेल उसापेक्षा कितीतरी कमी पाणी मागते, हे मला आप्पांनीच समजावलेलं आहे. तरी हातात गोड वाइनचा पेला धरून ती पट्टी बघताना आपण नळाच्या वरच्या टोकाशी येऊन उभे आहोत असं वाटल्यावाचून राहत नाही. ताईला सांगितलं तर ती म्हणते, "पी गुपचूप. आपलंच आहे."

चारच्या सुमारास मनगटाला पट्ट्या बांधून आत. हा महोत्सव 2008 पासूनचा, आणि 2020 नंतर यंदाच परत भरलाय. दगडी पायऱ्यांचं अर्धगोल नाट्यगृह, खाली रंगमंच, सभोवार खाण्याचे ठेले. ध्वनीचे खोके छातीत धडधडतात. पोरं गाण्याचे शब्द पाठ असल्यासारखी ओरडतायत. मला एकही माहीत नाही, पण तिसऱ्या गाण्याला माझा पाय हलतोय, हे भावजींनी पाहिलेलं आहे.

एका बाजूला लाकडी पिंपाचे अर्धे कापलेले टब. त्यात द्राक्षं, आणि त्यात अनवाणी उभी राहून तुडवणारी माणसं. पाय धुवायला नळ, पुसायला पंचे, रांग बरीच मोठी. एक लहान मुलगी आईच्या आधाराने नाचतेय आणि तिच्या पोटऱ्या जांभळ्या झाल्यात. आप्पा घोळक्याच्या मागून टाचा उंचावून बघतात.

"काय करायलेत हे?"

"वाइनसाठी तुडवतात आप्पा. म्हणजे पूर्वी तुडवायचे."

"याची वाइन होती?"

ठेल्यावरचा पोरगा हसून नाही म्हणतो. ही नुसती मजा.

आप्पा काही बोलत नाहीत. टबाबाहेर उडून गवतावर पडलेले चार-पाच मणी ते वाकून उचलतात, सदऱ्याला पुसतात, कपाळाला लावतात आणि खिशात टाकतात. मागची मुलं पुढे सरकायला सांगतात. ते सरकतात, आणि पुढच्या अर्ध्या तासात कुठेतरी नाहीसेच होतात.

फोन लागत नाही, आवाजात ऐकूही येणार नाही. उजेड उतरायला लागलेला, गर्दी दुप्पट झालेली. भावजी खाण्याच्या ठेल्यांकडे, ताई पायऱ्यांकडे, मी बाहेर. फाटकापलीकडे वेलींच्या पहिल्या ओळीपाशी टोपी दिसते. आप्पा उकिडवे बसलेत आणि समोर बागेतला एक कामगार, फवारणीचा पंप पाठीवरून उतरवून. कामगार पेठ तालुक्यातला आहे. दोघांमधे दोन घड पानावर ठेवलेले आहेत आणि बोलणं ऐन रंगात आलंय. रूटस्टॉक डॉगरिजच का? एकरी किती धरता? पाच-सहा टनच? आमच्याकडं दहा-बारा. मग परवडतं कसं? कंपनी करार करती, दर आधी ठरलेला. अवकाळी झाली तर? तो माणूस खांदे उडवतो. मजुरी किती पडते, यावर दोघांची चर्चा पुन्हा मुळापासून सुरू होते. मी दहा मिनिटं उभी राहते. कुणी मला बस म्हणत नाही.

"चला आप्पा, गाणं ऐकायचं ना?"

"इथं येतंय की ऐकू," ते म्हणतात. "कडवंचीलाबी येत असंल."

नऊ वाजता आम्ही निघतो. परत समृद्धीने, यावर आता कुणाचा वाद नाही. गंगापूर रोडवर नाकाबंदी लागलेली आहे आणि आज ती असणारच. बॅटरीचा झोत काचेवर येतो. हवालदार भावजींच्या तोंडासमोर यंत्र धरतो, भावजी फुंकतात, शून्य. त्याला ते पटत नाही. पुन्हा फुंकायला लावतो. पुन्हा शून्य.

"सुलाहून आलात ना?"

"हो. उपास आहे साहेब, गणेश जयंती."

झोत मागे वळतो. ताईला आणि मला तो फारसं विचारत नाही. आमच्याकडे बघूनच त्याला काय ते कळलेलं असावं. मग टोपीवर येतो, माळेवर थांबतो, आणि हवालदाराला हसू आवरत नाही.

"काय बाबा, तुम्ही किती घेतली?"

"दीड घड," आप्पा म्हणतात. "उरलेला खिशात आहे. साखर चांगलीय, बघताव का?"